पेट्रोलचे पैसे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर गप्प बसायचं असंच मी ठरवलं होतं. पण बँकेतल्या मुली विचारतात, मामेभाऊ विचारतो, आणि आता तर बहिणीची लेकही विचारायला लागली, “मावशी, ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ हा सिनेमा सगळ्यांना आवडतो, तुझंच काय बिनसलंय? अगं, त्यातली कॅट म्हणजे तूच आहेस ना!”

मोठी बहीण, फटकळ, हातात सदा पुस्तक. धाकटी देखणी, सगळ्यांची लाडकी. आणि बापाचा नियम, मोठीचं आधी. एवढं जुळलं की लोकांचं काम झालं. पत्रिकासुद्धा इतक्या झटकन जुळत नाही.

माझं लग्न का झालं नाही, बाबा कशावर अडून बसले, धाकटीचं शेवटी कसं उरकलं, हे तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ते सोडते. सिनेमाबद्दल बोलते.

तर मुळात, तो सिनेमा मला आवडत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? 1999 चा सिनेमा. आमच्याकडे उशिरा पोचला. धरमपेठेतल्या दुकानातून सीडी भाड्याने आणली होती. बाबा झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून आम्ही दोघी बघत बसलो. नायक झालेला हीथ लेजर शाळेच्या मैदानातल्या पायऱ्यांवरून गात सुटतो, मागून सुरक्षारक्षक धावतात, तो प्रसंग धाकटीने मागे नेऊन नेऊन पाहिला. मला कॅट झालेली ज्युलिया स्टाइल्स आवडली. तिच्यासारखं समोरच्याकडे बघायचा मी आरशात सरावही केला. हसा खुशाल.

पुढे बी.ए.ला मूळ नाटक वाचलं, शेक्सपिअरचं ‘टेमिंग ऑफ द श्रू’. वाचता वाचता सिनेमातले खोडसाळ धागे सापडत गेले. शाळेचं नाव पॅडुआ, कारण नाटक पॅडुआत घडतं. नायकाचं आडनाव व्हेरोना, कारण नाटकाचा नायक पेत्रुचिओ व्हेरोनाहून येतो. बहिणींचं आडनाव स्ट्रॅटफर्ड, ते शेक्सपिअरच्या गावावरून. पण नाटक मात्र घशाखाली उतरेना. पेत्रुचिओ बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, भर दुपारच्या सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. शेवटी मेजवानीत तीन नवरे पैज लावतात, कोणाची बायको हाक मारल्याबरोबर येते. पेत्रुचिओची कॅथरिना येते, आणि नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवावा असं बायकांना सांगणारं 44 ओळींचं भाषण करते. नाटकातलं सगळ्यांत लांब भाषण हेच.

आपल्याकडे वा. बा. केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं ‘त्राटिका’ केलं आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं. गणपतराव जोशी नायक, आणि त्राटिका कोण, तर बळवंतराव जोग. म्हणजे वठणीवर येणाऱ्या बाईचं काम लुगडं नेसून पुरुषच करणार. लंडनलाही शेक्सपिअरच्या काळी पोरगेच करायचे म्हणा.

सिनेमा लिहिणाऱ्या दोघी बायका, कॅरन मॅककुला लट्झ आणि कर्स्टन स्मिथ. त्यांनी हा सगळा छळ उचलून बाहेर फेकला. त्या भाषणाच्या जागी कॅट वर्गात उभी राहून स्वतःची कविता वाचते, वाचता वाचता तिला रडू फुटतं. कोणी पैज लावलेली नाही, कोणी हाक मारलेली नाही. तेवढ्यासाठी त्या दोघींना माझा नमस्कार.

पण दोन गोष्टी त्यांनी ठेवल्या. एक, बापाचा नियम. अमेरिकेत तो विनोदी वाटावा म्हणून त्यांना काय खटपट करावी लागली बघा. बाप बाळंतपणं करणारा डॉक्टर, पोरींच्या पोटाला खोटं पोट बांधून धाक घालणारा. आमच्या महालातल्या वाड्यात आजी नुसतं म्हणायची, “धाकटी आधी उजवली तर लोक म्हणतील मोठीत खोट आहे,” आणि कोणी हसायचं नाही. केळकरांना या भागासाठी लेखणी झिजवावी लागली नसणार.

दुसरी गोष्ट पैसा. नाटकात धाकट्या बियांकाचे उमेदवार ठरवतात की पेत्रुचिओला थोरलीला पटवायला जो खर्च येईल तो आपण सोसू. सिनेमात ते जोई नावाच्या पोराने नायकाला दिलेले पन्नास डॉलर होतात आणि पुढे भाव चढत जातो. सगळे हसतात. मीही हसले होते.

आता ते सांगते, जे तुम्ही विचारत नाही पण ज्याच्याभोवती घुटमळता.

मे महिना होता. नागपूरचा मे, पारा 46 च्या वर. त्या उन्हाळ्यात एक मुलगा माझ्याशी बोलायला लागला होता. धाकटीच्या ‘मित्रा’चा मित्र. धाकटीचा मित्र म्हणजे आताचे आमचे जावई. तर हा मुलगा वाचनालयात भेटायचा, संध्याकाळी लँडलाइनवर फोन करायचा, एकदा फुटाळा तलावावर स्कूटरने घेऊन गेला. मी फटकळ होते, मूर्ख नव्हते. ‘याला माझ्यात काय दिसलं’ हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला होता. पण तो ग्रेस म्हणायचा. आमच्या गावचेच कवी, पण त्या वयाच्या पोट्ट्यांना ग्रेस पाठ असायचे नाहीत. याला होते. आणि गंमत म्हणजे मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने ज्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या, नेमक्या त्याच. योगायोग किती सुंदर असतात, असं मी डायरीत लिहिलं. ती डायरी आहे माझ्याकडे. मागू नका.

त्या दुपारी आई-बाबा एका मुंजीला गेले होते. पुढच्या खोलीत ते दोघे मित्र आणि धाकटी, मी स्वयंपाकघरात कैरीचं पन्हं ढवळतेय. बाहेरच्या खोलीत कूलर. आमचा कूलर जुना, लोखंडी, सुरू झाला की घरात ट्रक उभा असल्यासारखा आवाज. कूलरवाल्या घरातली माणसं उन्हाळाभर ओरडूनच बोलतात आणि आपण ओरडतोय हे त्यांना कळतही नाही. नागपूरकरांना हे सांगायला नको.

आणि लाइन गेली.

कूलर एकदम बंद पडत नाही. पंखा आणखी थोडा वेळ फिरतो, आवाज खाली खाली येतो, आणि बोलणाऱ्याला थांबायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा लवकर घर शांत होतं. त्या शांततेत जावयांचं वाक्य पुरतं, कूलरच्या पट्टीतच, माझ्यापर्यंत आलं, “...अरे पेट्रोलचे पैसे घे ना बे! अन् फक्त जूनपर्यंत खेच कसंतरी. तिचं जमून राहिलं असं काकाजींना वाटलं की आमचं मोकळं!”

मग कोणीच काही बोललं नाही. खसाच्या जाळीतून पाणी टपटपत होतं.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. का गेले? ग्लास भरून झाले होते म्हणून. वेलची घातली होती. मी चौथा ग्लास स्वतःसाठी घेतला आणि तिथेच बसून प्यायले. त्या मुलाच्या हातात पन्नासाची नोट होती, घडी केलेली. ती खिशात घालावी की परत द्यावी हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने ती टीपॉयवरच्या पेपरखाली सारली. मी धाकटीकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कूलरकडे बघत म्हणाली, “ताई, लाइन केव्हा येईल गं?”

ग्रेसच्या रेघा कुठून गेल्या ते मला तेव्हा समजलं. माझ्या कपाटाची किल्ली एकीकडेच असायची.

रात्री गच्चीवर तिने मला सगळं सांगितलं. रडली. तिचं म्हणणं असं की सुरुवातीला ते तसं होतं, पण मग तो खरंच माझ्याबद्दल विचारायला लागला होता. “ताई, मला वाटलं सिनेमातल्यासारखं होईल. शेवटी तो खरंच प्रेमात पडतो ना गं.” आम्ही दोघींनी मिळून पाहिलेला सिनेमा! मी त्यात नायिका पाहिली, हिने त्यात युक्ती पाहिली.

आता तुम्ही म्हणाल, मग राग सिनेमावर कशाला? बहिणीवर काढ, जावयांवर काढ, बाबांवर काढ. काढला ना. सगळ्यांवर काढून झाला. बाबांवरचा अजून थोडा शिल्लक आहे, पण ते आता वाद घालण्याच्या स्थितीत नाहीत. बहिणीवर धरून ठेवता येत नाही. तीही त्याच नियमाखाली अडकलेली होती, आणि विशीतल्या पोरीला दुसरं काय सुचणार होतं? हे मी स्वतःला समजावते. कधी पटतं. कधी मनात येतं की मला येऊन सरळ सांगितलं असतं तर मीच बाबांशी भांडले असते. मग वाटतं, खरंच भांडले असते का? तिच्यासाठी? तेव्हा?

माझा राग सगळा सिनेमाच्या शेवटावर आहे. नायकाने, पॅट्रिकने, घेतलेल्या पैशांतून कॅटसाठी गिटार आणलेली असते. ती गाडीत ठेवलेली सापडते, ती विरघळते. चूक केल्यावर दर वेळी गिटार आणून भागत नाही, असं ती म्हणते खरी, पण तो ड्रम आणि बेसची यादी सुरू करतो आणि तिचं तोंड बंद करतो, चुंबन घेऊन. विशीतल्या मला हे फार गोड वाटलं होतं. ती डायरीवाली मुलगी आजही माझ्याशी वाद घालते. म्हणते, त्याने पैसे स्वतःवर उडवले नाहीत ना? मी म्हणते, पैसे कुठे गेले हा प्रश्नच नाही बाई, आले कुठून ते बघ. ती म्हणते, त्या मुलाचे नंतर फोन येत होते, तू एकदाही उचलला नाहीस. त्याला सांगायचं असेल काही. मी म्हणते, असेल. ती म्हणते, मग? इथे मी विषय बदलते.

न्यायाने बोलायचं तर सिनेमात एक जागा अशी आहे की तिथे मी अजून हरते. प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या, रात्री बियांका त्या पैसे देणाऱ्या जोईला बुकलते. एक ठोसा आपल्या जोडीदाराचं रक्त काढलं म्हणून, एक बहिणीसाठी, आणि गुडघा स्वतःसाठी. ‘बहिणीसाठी’ म्हणताना ती जराही थांबत नाही. हे नाटकात नाही. नाटकातली बियांका शेवटी नवऱ्याने बोलावलं तरी येत नाही, तेवढंच तिचं बंड. आमच्या धाकटीने कोणाला ठोसा मारला नाही. नवरा हाक मारतो तेव्हा मात्र तीही येत नाही. जावयांना विचारून बघा.

भाचीने रविवारी सिनेमा लावायचं ठरवलंय. तिच्या आईलाही बसवणार आहे, आम्हा दोघींना एकत्र. तिला पेट्रोलचं काही माहीत नाही आणि आम्ही तिच्यासमोर अजून बोललेलो नाही. मी जाईन. ठोशापर्यंत बसेन, कवितेलाही बसेन. गिटार आली की मी चहा टाकायला उठणार आहे, आणि माझ्यासाठी कोणी पॉज करायचं नाही.