लेकीचा व्हिसा होईल, पण आईचं काय?

लेक साडेदहा वर्षांची आहे. तिला परदेशात शाळेत घालायचं ठरलं, आणि सोबत मी जायचं हेही ठरलं. एजंट म्हणाला, मुलीचा व्हिसा झाला की आईला डिपेंडंट, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांचा व्हिसा मिळतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही पण विश्वास ठेवला. ब्रिटनमधल्या एका शाळेचं डिपॉझिट दुसऱ्या दिवशी भरायचं होतं, आदल्या रात्री मी सहज सरकारी साइट उघडून बसले आणि पोटात गोळाच आला, कारण शाळकरी मुलांच्या व्हिसावर आईबाबांना डिपेंडंट म्हणून जाताच येत नाही, त्यांचा व्हिसाच वेगळा.

तिथे त्याचं नाव पॅरेंट ऑफ अ चाइल्ड स्टुडंट. मूल 4 ते 11 वर्षांचं हवं, फी भरून खाजगी शाळेत शिकणारं हवं, जाणार आई नाहीतर बाबा, दोघं नाही. नोकरी करायची नाही, शिकायचं नाही, आणि मूल 12 चं झालं की आपला मुक्काम संपला. मी हे मोठ्याने वाचत होते, लेक शेजारीच होती, तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला तू निघून जाणार?" डिपॉझिट भरलं नाही.

मग एकेक देश बघत बसलो. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या घरच्यांचा एफ-2 व्हिसा फक्त नवरा किंवा बायको आणि 21 च्या आतल्या अविवाहित मुलांना, आईबाबांना नाहीच. कॅनडात सुपर व्हिसा ऐकून आशा वाटली होती, पण तो तिथले नागरिक नाहीतर पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांच्या आईबाबांसाठी, विद्यार्थ्यांच्या नाही. सिंगापूरला मात्र शिकणाऱ्या मुलासोबत आई किंवा आजीला लाँग टर्म व्हिजिट पास मागता येतो, आजीचा विचार केलाय हे मला फार आवडलं.

शेवटी ऑस्ट्रेलियाचा 590 नंबरचा व्हिसा, स्टुडंट गार्डियन. मूल 18 चं होईपर्यंत सोबत राहता येतं, माझ्यासाठी तेवढं एकच पुरेसं होतं. काम इथेही नाही, म्हणजे राजीनामा आलाच, पण इंग्रजीचा क्लास आठवड्याला 20 तासांपर्यंत करता येतो. 157एन नावाचा फॉर्म भरायचा, आपला हेल्थ इन्शुरन्स आपणच काढायचा. आणि माझं कळकळीचं सांगणं आहे, शाळा आवडली तरी पैसे भरायच्या आधी आपल्या व्हिसाचं पान स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर राहू नका, नियम बदलतात पण.

एका अटीने मात्र माझी झोप उडवलीये. लेकीला तिथे ठेवून मला एकटीला देशाबाहेर जाता येत नाही, खरंच महत्त्वाचं कारण असेल आणि तिला सांभाळायची दुसरी सोय तिथल्या व्हिसा खात्याला दाखवली तरच जाता येतं. सासूबाईंची तब्येत नाजूक आहे, मध्येच यावं लागलं तर काय करायचं? कोणी 590 वर राहिलं असेल आणि अशी वेळ आली असेल, तर मुलांची सोय कुणाकडे केलीत आणि कागद काय दिलेत, तेवढं प्लीज सांगा.