मोठा रीफ टँक करायचाय, आधी काय घेऊ?

हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यानं लहान रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळं ठेवायचा टँक, नीट सांभाळलेला असतो. क्लाउनफिशची जोडी आणि चार-दोन मऊ प्रवाळं त्यात छान नांदत असतात, आणि आता हजार-दीड हजार लिटरच्या टँकचे विचार सुरू झालेले असतात. डोक्यात मात्र दोनच गोष्टी असतात, काच आणि लाइट. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतक्यात काहीच घेऊ नका. टँक, सम्प (टँकखालची जोडटाकी), पंप, पाइप, हीटर, सगळं कागदावर काढा आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारा, ही बंद पडली तर काय होईल? चोवीस तास, वर्षानुवर्षं चालणाऱ्या यंत्रणेतली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बंद पडतेच, आणि आतल्या जिवांना दुसरीकडे निघून जायची सोय नसते. माझ्या मते मोठ्या टँकचं सगळं नियोजन या एका प्रश्नाभोवती व्हायला हवं. माशांची यादी, लाइटचा ब्रँड, खडकांची मांडणी हे सगळं त्यानंतर.

उदाहरणासाठी एक माप धरू. लांबी २.४ मीटर, रुंदी ०.९ मीटर, उंची ०.६ मीटर. काठोकाठ भरला तर यात जवळपास १३०० लिटर पाणी मावतं. सम्प धरून आणि दगडांची जागा वजा करून सिस्टिममध्ये दीड हजार लिटर खेळतं असं समजा. १९ मिलिमीटरची काच घेतली तर नुसत्या काचेचंच वजन २९० किलोच्या घरात जातं. पाणी, दगड, वाळू, स्टँड मिळून पावणेदोन ते दोन टन, आणि तेही दोन-सव्वादोन चौरस मीटर जागेवर. घरातल्या खोल्यांच्या मजल्यासाठी सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. तळमजल्यावर थेट जमिनीवर ठेवणार नसाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. यात मला कसलीही तडजोड मान्य नाही.

उंची ०.६ मीटरच का? हात तळापर्यंत पोचायला हवा म्हणून. पाऊण मीटर खोल टँक समोरून देखणा दिसतो, पण पडलेला फ्रॅग, म्हणजे लावलेला प्रवाळाचा तुकडा, उचलायला खांदा पाण्यात घालावा लागतो, आणि जे काम अवघड असतं ते पुढे ढकललं जातं. उंचीत वाचवलेली जागा रुंदीत घाला. खडकांच्या मागे हात जाईल एवढी फट ठेवता येते, प्रवाह मोकळा फिरतो आणि प्रवाळांना पसरायला जागा मिळते.

आता पाण्याच्या वाटेकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (काठाजवळच्या, पाणी खाली उतरवणाऱ्या डब्याच्या) कडेवरून खाली सम्पमध्ये उतरतं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप बंद पडला की काय होतं? कडेच्या वरचं सगळं पाणी खाली येतं. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली असेल तर त्या पाइपमधून उलटा सायफन सुरू होतो आणि ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उतरतच राहतं. आपल्या मापाच्या टँकमध्ये एका सेंटिमीटरला साडेएकवीस लिटर पाणी आहे. पातळी तीन सेंटिमीटर उतरली तर सम्पमध्ये ६५ लिटर रिकामी जागा हवी. रिटर्नचं तोंड दहा सेंटिमीटर खोल ठेवलं तर दोनशेच्या वर लिटर खाली येईल. म्हणून ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवायचं. सायफन तोडायला पाइपला बारीक भोक पाडून किंवा उलटं पाणी अडवणारा चेक व्हॉल्व्ह लावून निभेल असं पुष्कळ जण समजतात. भोक शेवाळानं बुजतं आणि व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकतो. त्यांच्या भरवशावर सम्पचं माप ठरवू नका.

उलट बाजूही मोजा. खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला, तर रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. त्या कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर ४० लिटर पाणी असेल तर टँकची पातळी दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी चढेल. काठापर्यंत तेवढी जागा मोकळी ठेवली असेल तर जमिनीवर एक थेंब सांडणार नाही. ही दोन गणितं जुळली की पाणी सांडायची भीती बरीचशी मिटते, आणि त्यासाठी लागते फक्त मोजपट्टी.

ओव्हरफ्लोला तीन पाइपची रचना करा. पहिला पूर्ण सायफनवर चालतो. त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो, आत हवा शिरत नाही, त्यामुळे आवाजही नसतो. दुसरा उघडा असतो आणि उरलेलं थोडंसं पाणी घेतो. तिसरा एरवी कोरडा राहतो, तो फक्त संकटासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर व्हॉल्व्ह लावायचा नाही, कारण लावलेला व्हॉल्व्ह कुणीतरी केव्हातरी बंद करतंच. सिस्टिम पहिल्यांदा चालू कराल तेव्हा टँकमध्ये साधं पाणी असू द्या. पहिल्या पाइपचं तोंड मुद्दाम हातानं बंद करा आणि पाहा. पाणी ओव्हरफ्लोच्या डब्यात चढतं, दुसरा पाइप गुरगुरायला लागतो, मग तिसरा धो-धो वाहू लागतो आणि पातळी तिथेच थांबते. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मीठ कालवू नका.

हीटरचंही तसंच. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं आणि तुम्हाला कळायला वेळ मिळतो. खरा धोका तो चालू अवस्थेत अडकण्याचा. हजार वॉटचा एक हीटर दीड हजार लिटर पाणी पावणेदोन तासांत एका अंशानं तापवतो, बाहेर जाणारी उष्णता सोडली तर. रात्रभरात चार-पाच अंश चढले की प्रवाळं आपल्या ऊतींमधली सूक्ष्म शैवालं, झूझँथेली, बाहेर टाकू लागतात. त्यांच्या अन्नाचा मोठा वाटा तिथूनच येतो. म्हणून एक मोठा हीटर न घेता दोन लहान घ्या आणि त्यांच्यावर वेगळा कंट्रोलर बसवा. एक अडकला तरी त्याच्या ताकदीत फारसं नुकसान करणं नसतं, आणि एक बंद पडला तर दुसरा वेळ मारून नेतो.

टॉप-अप, म्हणजे उडून गेलेलं पाणी पुन्हा भरणं, याबद्दल लोक फारच बेफिकीर असतात. बाष्पीभवन गोड्या पाण्याचं होतं, मीठ मागेच राहतं. एवढ्या टँकमधून दिवसाला दहा-पंधरा लिटर सहज उडून जातं. ते भरलं नाही तर क्षारता चढत जाते. हे सगळं पाणी खोलीच्या हवेत जातं, तेव्हा हवा बाहेर काढणारा पंखा नियोजनात धरा, नाहीतर भिंतींना बुरशी धरेल. सेन्सर आणि लहान पंप हे काम चोख करतात, पण सेन्सर अडकला तर? टॉप-अपचं पिंप ६० लिटरचं असेल आणि ते सगळं सिस्टिममध्ये रिकामं झालं, तर क्षारता हजारी ३५ वरून ३३.७ च्या आसपास येईल. सगळे जीव तगतील. तीच नळी आरओडीआय, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या, फिल्टरला थेट जोडलेली असेल तर पाणी थांबणारच नाही, क्षारताही जाईल आणि खोलीही भरेल. पिंपाचा आकार हीच तिथली सुरक्षा. (पाणी आरओडीआयचंच हवं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट आणि सिलिकेट येतं, कधी तांबंही, आणि तांबं अपृष्ठवंशी जिवांना मारक आहे.)

वीज गेली तर पहिली अडचण ऑक्सिजनची. २५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे विरघळतो, गोड्या पाण्यापेक्षा कमीच. प्रवाह थांबला आणि त्यातून रात्र असली की मासे, प्रवाळ, जिवाणू सगळे मिळून तो वापरत राहतात आणि नवा आत शिरत नाही. बॅटरीवर चालणारा एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप, पृष्ठभागाकडे तोंड करून ठेवला की बराच वेळ निभतं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), लाइट, रिटर्न, यांना तेवढा वेळ विश्रांती मिळाली तरी चालते. जनरेटर नंतर, बॅटरी आधी.

डोसिंगचं, म्हणजे प्रवाळांनी वापरलेले क्षार पाण्यात पुन्हा घालत राहण्याचं, मला मनापासून कौतुक आहे, कारण रीफ जिवंत असल्याचा हिशेब तिथे आकड्यांत दिसतो. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन अॅरागोनाइटचा सांगाडा बांधतात. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, एकक डीकेएच) रोज एक डीकेएचनं घटत असेल तर दीड हजार लिटरमध्ये दिवसाला सुमारे २७ ग्रॅम दगड तयार होतोय असा त्याचा अर्थ. वर्षाला जवळजवळ दहा किलो! त्याच वेळी कॅल्शियम लिटरमागे फक्त सात मिलिग्रॅमनं उतरतं, आणि ४२० मधून सात गेले तर चाचणीत दिसतही नाहीत. अल्कलिनिटीच्या आठातून एक गेला की मात्र लगेच दिसतो. म्हणून अल्कलिनिटी वरचेवर मोजा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधूनमधून. मत्स्यालय-तज्ज्ञ पेटर विल्केन्स यांनी रूढ केलेलं काल्कवासर, म्हणजे चुन्याची निवळी, अजूनही उत्तम काम करतं. टॉप-अपच्या पाण्यातून रोज बारा लिटर संपृक्त निवळी गेली तर जवळपास एवढी गरज भागते. पण मग अडकलेल्या टॉप-अपचा प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण पीएच झपाट्यानं चढतो. पिंप आणखी लहान ठेवा, किंवा डोसिंग पंपानं थोडं थोडं, शक्यतो रात्री सोडा.

लाइट आणि प्रवाहावर इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपते. चांगले एलईडी आज पुष्कळ आहेत. पारमीटर, म्हणजे प्रवाळांना उपयोगी प्रकाश (पार) मोजणारं यंत्र, कुणाकडून तरी मिळवा आणि जागेवर मोजा. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार, अॅक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाला २०० ते ३५०. एक तेजस्वी दिवा मध्यभागी टांगण्यापेक्षा प्रकाश सगळीकडून आलेला बरा, म्हणजे फांद्यांची खालची बाजू मरत नाही. प्रवाहाचंही तेच, एक जोरदार झोत नको, दिशा बदलणारा हवा.

खडकांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जाकार्तात ली चिन एंग या मत्स्यालय ठेवणाऱ्या गृहस्थांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवलं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या दगडांतच राहत होते. आजही खरं काम तेच करतात, आपण फक्त त्यांची बडदास्त ठेवतो. खडक कमी वापरा, सच्छिद्र वापरा, आणि वाळूवर न ठेवता तळावर टेकवून उभे करा, कारण गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालची वाळू उपसतात. कोरडे दगड घेतले तर धीर जास्त धरावा लागतो. सायकलला, म्हणजे हे जिवाणू टँकमध्ये रुजायला, महिना-दीड महिना, त्यानंतर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर, मग केसाळ शैवाल. काहींच्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट हे त्रासदायक सूक्ष्मजीव येतात, विशेषतः नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून शून्यावर आणले की. शून्य हा आकडा तिथे चांगला नाही. या काळात रसायनांच्या बाटल्या ओतू नका, गोगलगाई वाढवा आणि पाणी बदलत राहा. दहा टक्के म्हणजे दीडशे लिटर, साडेपाच किलो मीठ. हे बादल्यांनी होत नाही. मीठ कालवायचं पिंप, पंप आणि कायमची पाइपलाइन पहिल्याच आराखड्यात असू द्या.

जीव आणायची वेळ येते तेव्हा बहुतेकांचा संयम सुटतो. प्रत्येक मासा वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन करा. क्रिप्टोकॅरिऑन हा माशांवरचा परजीवी एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की तिथे तांब्याचं औषध देता येत नाही, सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. एवढ्या खडकांतून मासा पकडणं म्हणजे रचलेला सगळा डोंगर उपसणं. शांत स्वभावाचे मासे आधी, टँग सगळ्यात शेवटी, कारण तो आला की जागेवर हक्क सांगतो. पिवळा टँग २०१५ मध्ये हवाईच्या ओशियानिक इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्यांदा बंदिस्त अवस्थेत वाढवला गेला. आता तसे मासे विकत मिळतात, तेच मागा. प्रवाळही वाढवलेल्या फ्रॅगचंच घ्या. दगडी प्रवाळं साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात, ते आधी वाचा.

फ्रॅग लावताना आज तो तीन सेंटिमीटरचा आहे हे विसरा. गॅलेक्सिया आणि युफिलिया ही प्रवाळं रात्री लांब दंशस्पर्शिका सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात, आणि अॅक्रोपोरा दोन-तीन वर्षांत शेजाऱ्याच्या डोक्यावर सावली धरतो. दोन फ्रॅगमध्ये किमान वीतभर अंतर ठेवा, गॅलेक्सियाभोवती त्याहून जास्त. पहिल्या वर्षी निम्मा खडक मोकळा दिसेल. तो तसाच राहू द्या.