सासुरवाडीत विसावलेला सॅक्सन

व्हेनिसमध्ये सान मार्कुओलाच्या धक्क्यावर मी उतरले ती खरं तर जर्मन संगीतकार वाग्नरसाठी. एक नंबरची वापोरेत्तो, म्हणजे प्रवासी बोट, ही तिथली लाल डब्याची एस.टी.च, दर धक्क्यावर थांबत जाणारी. धक्क्याजवळच का' वेंद्रामिन कालेर्जी हा वाडा आहे. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी वाग्नर तिथेच वारला. आता त्यात कॅसिनो आहे. वाग्नरच्या खोल्या बघायच्या तर आधी वेळ ठरवावी लागते, आणि ती ठरवायचं मी विसरले होते. हात हलवत परत जाण्यापेक्षा धक्क्यावरच्या चर्चमध्ये शिरले.

गिलावा करायचा राहून गेलेल्या घरासारखं हे चर्च दिसतं. कालव्याकडच्या दर्शनी भिंतीला दगड लागलाच नाही, नुसत्या विटा. आत मात्र ऐसपैस. आणि इथेच अठराव्या शतकातला ऑपेरा-संगीतकार योहान आडोल्फ हास्से पुरलेला आहे. १७८३ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या नावाची शिळा बसायला १८२० च्या आसपासचा काळ उजाडला, तीही कांडलर नावाच्या एका संगीत-अभ्यासकाच्या खटपटीने.

मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. चारच दिवसांपूर्वी मी ड्रेसडेनमध्ये, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राजधानीत, होते. तिथे सगळे सेम्पर ऑपेरा या ऑपेरागृहाचे फोटो काढतात, मीही काढले. पण हास्सेचं ऑपेरागृह ते नव्हे. ते झ्विंगर राजवाड्याला लागून होतं आणि १८४९ च्या उठावात जळालं. त्या उठावात बंडखोरांच्या बाजूने कोण होतं, तर खुद्द दरबाराचा कापेलमाइस्टर, म्हणजे संगीतप्रमुख, वाग्नर! हास्सेही शंभर वर्षांपूर्वी त्याच दरबाराचा कापेलमाइस्टर. म्हणजे एका दरबाराचे दोन नोकर, जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने, एकाच धक्क्यापाशी येऊन संपले.

हास्से मूळचा हाम्बुर्गजवळच्या बेर्गेडोर्फचा, जन्म १६९९ चा. तरुणपणी तो ऑपेरात टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजात, गायचा. मग नेपल्सला गेला, संगीतकार आलेस्सांद्रो स्कार्लात्तीपाशी शिकला आणि इटालियन ऑपेरा असा लिहू लागला की इटलीवाले त्याला ‘इल कारो सासोने’, लाडका सॅक्सन, म्हणू लागले. (सॅक्सनीचा तो नव्हताच. पण आपल्याकडे तरी उत्तरेतून आलेला प्रत्येक जण ‘यूपीवाला’च असतो ना!) १७३० मध्ये त्याने व्हेनिसच्या फाउस्तीना बोर्दोनीशी लग्न केलं. ती तेव्हा त्याच्याहून कितीतरी प्रसिद्ध गायिका होती. लंडनमध्ये संगीतकार हॅण्डलच्या ऑपेरात तिचं आणि कुत्सोनी या दुसऱ्या गायिकेचं वैर गाजलं होतं.

पुढच्याच वर्षी दोघं ड्रेसडेनला आले आणि १३ सप्टेंबर १७३१ रोजी हास्सेचा ‘क्लेओफिदे’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. मुख्य भूमिकेत फाउस्तीना. कथा झेलमच्या काठची: सिकंदर, पोरस आणि पोरसची प्रेयसी असलेली एक भारतीय राणी. शाळेच्या पुस्तकात बेड्या घालून ताठ उभा असणारा आपला पोरस तिथे मत्सराने जळत इटालियनमध्ये ताना घेतो! हसू आलं, पण संगीत ऐकल्यावर विरलं. हास्सेची ओळ गळ्याला धरून चालते, वाद्यं तिच्या आड येत नाहीत. स्पेनच्या उदासीने ग्रासलेल्या राजाला फारिनेल्ली हा गायक रात्रीमागून रात्री जी गाणी ऐकवायचा म्हणतात, त्यांत हास्सेची होती.

तीसेक वर्षं ऐश्वर्याची गेली. ड्रेसडेनचं दरबारी चर्च १७५१ मध्ये उघडलं तेव्हा मास, म्हणजे चर्चच्या उपासनेचं संगीत, हास्सेचंच. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने १७४५ मध्ये शहर जिंकलं, तेव्हा त्यानेही हास्सेचा ऑपेरा मुद्दाम करायला लावला. १७६० मध्ये त्याच रसिक राजाच्या तोफांनी ड्रेसडेन भाजून काढलं आणि छपाईसाठी जमवलेली हास्सेची हस्तलिखितं जळाली. साठीतल्या माणसाची सगळी पुंजी. १७६३ मध्ये आश्रयदाता राजा वारला. नव्या दरबाराने नवरा-बायको दोघांना घरी बसवलं. थकलेला पगार दिला, पेन्शन नाही.

१७७१ मध्ये मिलानला एका शाही लग्नात बहात्तर वर्षांच्या हास्सेचा शेवटचा ऑपेरा झाला. दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या मोझार्टचा झाला आणि बाजी मोझार्टने मारली. पोराच्या बापाने ते पत्रातून लगोलग घरी कळवलंही. मला इथे हास्सेबद्दल वाईट वाटण्यापेक्षा त्या बापाचाच राग आला.

त्यानंतर तो बायकोच्या गावी येऊन राहिला. फाउस्तीना १७८१ मध्ये गेली, हा आणखी दोन वर्षं काढून तिच्यामागे.

बाहेर आले तर धक्क्यावर बोट लागत होती. दोन पर्यटक उतरून कॅसिनोच्या दिशेने बोट दाखवत म्हणाले, “वाग्नर?” मी मान डोलावली, आणि मग विटांच्या भिंतीकडेही हात केला. त्यांनी तिकडे बघितलं, हसले आणि पुढे गेले.