दर सेकंदाला कोरी होणारी स्क्रीन

तक्रार एका ओळीची होती: "आकडे वाचून होईपर्यंत स्क्रीन पुसली जाते." यंत्रांवर नजर ठेवणारा आमचा एक जुना प्रोग्रॅम आहे, सी भाषेतला, एनकर्सेस (टर्मिनलवर, म्हणजे अक्षरांच्या स्क्रीनवर, हवं तिथे लिहिण्याची लायब्ररी) वापरून केलेला. माझ्या लॅपटॉपवर तो मुकाट चालत होता. तक्रार करणाऱ्याकडे मात्र तो सिरियल कन्सोलवर, म्हणजे संथ केबलने जोडलेल्या टर्मिनलवर चालायचा, ९६०० बॉडला.

तिथेच हिशेब मांडला. ९६०० बॉड म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला दहा धरले तर साधारण ९६० अक्षरं. २४ ओळी, ८० रकाने, म्हणजे १९२० अक्षरं. भरगच्च स्क्रीन नव्याने काढायची तर दोन सेकंद हवेत, आणि प्रोग्रॅम आकडे बदलतो दर सेकंदाला! पण बदलतात ते मोजकेच आकडे, मग सगळी स्क्रीन कोण काढतंय?

टर्मिनलवर जाणारं सगळं नोंदवणाऱ्या स्क्रिप्ट कमांडने आउटपुट फाइलीत पकडून पाहिलं. कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या आणि अख्खी स्क्रीन पुसा, हा एस्केप कोड (टर्मिनलला दिलेला हुकूम) दर सेकंदाला जात होता. लॅपटॉपच्या वेगात तो डोळ्यांना दिसायचाच नाही.

मूळ सापडलं कोपऱ्यातल्या तीन ओळींच्या विंडोत. नवे आकडे छापण्याआधी तिच्यावर एनकर्सेसचं डब्ल्यूक्लिअर हे फंक्शन चालवलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, तेवढीच विंडो पुसली जाईल. प्रत्यक्षात ते विंडोत रिकाम्या जागा भरतं, शिवाय एक खूणही करून ठेवतं, आणि पुढच्या रिफ्रेशला (बदल स्क्रीनवर पाठवताना) त्या खुणेमुळे पूर्ण टर्मिनल पुसून सगळं नव्याने काढलं जातं. डब्ल्यूइरेज हे त्याचं भावंड फक्त रिकाम्या जागा भरतं. १९८०च्या सुमारास बर्कलीत केन अरनॉल्ड यांनी एनकर्सेसची पूर्वज कर्सेस लिहिली तेव्हा संथ लाइनींवर कमीत कमी अक्षरं पाठवणं हाच तर मुद्दा होता: जुनी आणि नवी स्क्रीन ताडून फक्त फरक पाठवायचा. इथे दर सेकंदाला त्यावर पाणी फिरत होतं.

एक शब्द बदलला, लुकलुक थांबली. आणि लगेच दुसरं भूत नजरेत आलं. "खात्री आहे का?" विचारणारी छोटी विंडो उत्तर दिल्यावरही स्क्रीनवर तशीच. विंडो काढून टाकणारं डेलविन मेमरी मोकळी करतं. स्क्रीनवरची अक्षरं पुसत नाही. खालच्या विंडोला तर आपल्यावर कुणी बसलं होतं याचा पत्ताच नसतो, त्यामुळे तिच्या लेखी काही बदललेलंच नसतं. हे भूत आधीही होतंच, लुकलुकीत लक्ष गेलं नव्हतं: सगळं पुसलं तरी कर्सेस आपल्याकडे नोंदलेली स्क्रीनच पुन्हा काढते, आणि त्या नोंदीत ती विंडो असतेच. मला तर दाट शंका आहे की याच भुतावर उतारा म्हणून कुणीतरी तो दर सेकंदाचा पुसणारा हात मुद्दाम ठेवला असावा, पण तो उतारा लागू पडणारा नव्हता.

मग डेलविननंतर खालच्या विंडोंवर टचविन (सगळं बदललं असं समज), प्रत्येकीला डब्ल्यूनाउटरिफ्रेश (बदल नोंदव, पण पाठवू नको), आणि शेवटी एकदाच डूअपडेट (आता पाठव). अशा विंडो जास्त असत्या तर एकावर एक विंडो सांभाळणारी पॅनल लायब्ररी सरळ घेतली असती. एकीसाठी तेवढा खटाटोप नको वाटला.

सिरियल केबल लावून ९६००वर चालवून पाहिलं, तर मध्येच कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) एक संदेश आकड्यांवर येऊन पडला. दुसऱ्या कुणी परस्पर स्क्रीनवर लिहिलेलं कर्सेसला कळत नाही, म्हणून तो घाण करून तसाच राहिला. इथे मात्र सगळं पुसणं रास्तच. कंट्रोल-एल दाबल्यावर कर्सस्क्रवर (सध्या स्क्रीनवर काय आहे याची कर्सेसकडची नोंद) क्लिअरओके, म्हणजे तीच सगळं पुसण्याची खूण, लावून रिफ्रेश, एवढं जोडलं आणि बिल्ड पाठवून दिली.