४४ अंशांत तगलेला कळणा ३८ ला बसला: उन्हाळी नोंदी, मृगापर्यंत

मागची नोंद आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराची होती. कापूस आणि कळणा हे दोन ससे कूलरच्या खोलीत खुशाल, बट्टी ही गिनीपिग गाभण, बजीची (छोट्या पोपटाची) मादी अंड्यांवर. त्यानंतरचा मे सुद्धा सरळ गेला. अमळनेरात पारा ४४ ला टेकला तरी सशांची खोली २८-२९ च्या पुढे गेली नाही. मग मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आलं, पारा ३८ वर उतरला, घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच दुपारी कळण्याने खाणं टाकलं.

कान गरम आणि लालबुंद, नाकपुड्या भराभर हलताहेत, नाकाभोवती ओलं, अंग फरशीवर पसरलेलं. सकाळच्या लेंड्या मोहरीएवढ्या. थर्मामीटर लावला तर ४०.६. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० धरतात, म्हणजे थांबायला वेळ नव्हता. कानांना साध्या गार पाण्याचा फडका लावत राहिले. बर्फ लावायचा नाही आणि ससा पाण्यात बुडवायचा तर मुळीच नाही. एकदम गारठा बसला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते, वर धसका बसतो तो वेगळाच. आमचे डॉक्टर गुरं-शेळ्यांचे, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि पोटातल्या वायूसाठी थेंब दिले. ज्यांच्या गावात ससे पाहणारा डॉक्टर नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा: सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने अमॉक्सिसिलिन कधीही द्यायचं नाही. पोटातले उपयोगी जीवाणू मरतात आणि जनावर हातचं जातं. डॉक्टरांना हे आधीच सांगितलेलं बरं.

रात्री त्याने कोथिंबिरीची काडी तोंडात धरली, पहाटे दादर ज्वारीच्या कडब्याचं पान चावलं. आबा दर तासाला दारातून विचारत होते, "तुना ससा जेवना का?" जेवला म्हटल्यावर ते झोपायला गेले.

आता मुख्य कोडं. ४४ ला जो ससा उड्या मारत होता तो ३८ ला का बसला? कूलर तोच, पंप चालू, ताट्या (कूलरचे पॅड) भिजलेल्या, हवेचा झोतही तसाच. तरी खोलीत ३१.५ आणि आर्द्रता ८० च्या वर.

धागा सापडला तो माशांच्या टाकीत. गप्पींची टाकी पुढच्या खोलीत आहे, तिथे कूलर नाही. पाण्यावर आडवा वारा घालणारा छोटा पंखा लावलाय, त्याने मेमध्ये पाणी २८ वर राहत होतं. त्या दुपारी तेच पाणी ३१ वर गेलं होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. बाहेर सहा अंशांनी थंड आणि टाकी तीन अंशांनी गरम! पंखा आणि कूलर दोघांचं काम एकच, पाण्याची वाफ करून उष्णता ओढून घेणं. हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कुठून?

म्हणून दोन साधे पाऱ्याचे थर्मामीटर शेजारी टांगले. एकाच्या बुडाला ओली मलमलची चिंधी गुंडाळली, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत, समोर पंखा. हा ओला थर्मामीटर जो आकडा दाखवतो त्याच्या खाली कूलर काही केल्या जाऊ शकत नाही. घरगुती कूलर त्या आकड्यापर्यंतही पोचत नाही, कोरड्या आणि ओल्या आकड्यांत जे अंतर असतं त्याचा पाऊण हिस्सा कापतो असं माझ्या नोंदींवरून दिसतं. मेमध्ये बाहेर ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओला आकडा २३ च्या आसपास पडतो. अंतर २१, त्यातले पंधरा-सोळा कापले की २८-२९. जूनच्या त्या दुपारी ३८ आणि ५० टक्के, ओला आकडा २९. अंतर उरलं नऊ. कूलरने जीव तोडून काम केलं तरी ३१ च्या खाली यायचं नाही, वर खोलीत दमट कोंदटपणा. कूलरमध्ये बिघाड नव्हताच.

शिवाय सशाला घाम येत नाही. तो उष्णता टाकतो ती मुख्यतः कानांतून आणि श्वासातून. १५ ते २२ अंश हा त्याचा सुखाचा पट्टा, तिशीच्या पुढे त्याला जड जाऊ लागतं, आणि हवा दमट असेल तर श्वासावाटे होणारी सुटकाही कमी होते. आबांनी हेच त्यांच्या भाषेत सांगितलं: "आभाय भरी उनं का जीव घाबरा व्हस." (आभाळ भरून आलं की जीव घाबरा होतो.) आपल्याकडचे सगळेच हे जाणतात, पण कूलरचं बटण मात्र आपण आभाळ पाहून बदलत नाही.

तर आता माझा नियम असा. ओला थर्मामीटर २५ च्या खाली असेल तर कूलर पूर्ण जोरात. २५ ते २७ मध्ये कूलर चालू, पण समोरची खिडकी आणि वरचा झरोका सताड उघडा, म्हणजे ओली हवा साचत नाही. २७ च्या वर गेला की पंप बंद आणि फक्त पंखा. हे आकडे माझ्या खोलीचे आहेत, तुमच्या खोलीत एखादा अंश इकडेतिकडे होईल. दमट दिवसांत उष्णता स्पर्शाने काढायची: शहाबादी फरशीचे तुकडे पाळीपाळीने फ्रिजमध्ये गार करून पिंजऱ्यात ठेवायचे आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून द्यायच्या. कापूस बाटलीला पाठ लावून आडवा होतो. कळणा अजून तिच्याकडे संशयाने बघतो, पण फरशी त्याला फार आवडते. मातीचं आडवं मडकं आत बसायला ठेवलंय, बाहेरून ओलं न करता.

आर्द्रतामापकाबद्दल थोडं. बाजारात मिळणारे छोटे डिजिटल मापक एकमेकांशी जुळत नाहीत, माझ्याकडच्या दोघांत दहा टक्क्यांचा फरक होता. पारखायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं ओलं करा, विरघळू देऊ नका. टोपण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७५ पेक्षा जे कमी-जास्त दाखवेल ती त्याची चूक, तेवढी कागदावर लिहून मागे चिकटवा. महागडं यंत्र घ्यायची गरज नाही.

ताट्यांबद्दल माझं मत आणखी पक्कं झालंय. हनीकोम्ब पॅड कंपनीच्या जाहिरातीत कितीही देखणे दिसोत, आपल्या बोअरच्या जड पाण्याने दोन महिन्यांत त्यांची भोकं पांढरी होऊन बुजतात. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काही क्षार निघतात, सगळे नाही. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्या स्वस्त पडतात, हंगामानंतर फेकून नव्या लावता येतात. वाळ्याची ताटी सगळ्यांत उत्तम, पण मला ती यंदा एकाच बाजूला परवडली. नळाला रोज पाणी येत नाही आणि कूलर दिवसाला घागरीच्या घागरी पितो, त्यामुळे दमट दिवशी पंप बंद ठेवण्यात पाण्याचीही बचत आहे.

टाकीचं तातडीचं काम आधी उरकलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो, २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडला, लाईट गेली की आपोआप सुरू होतो. त्याच्यावरचा खर्च मला एका दुपारीच वसूल झाला. आटलेलं पाणी भरायला मात्र बोअरचं वापरू नका. वाफ होताना क्षार मागेच राहतात, त्यात पुन्हा जड पाणी घातलं की टाकी दिवसेंदिवस आणखी जड होत जाते. मी आरओचं घालते, पाऊस सुरू झाला की गच्चीवरचं धरेन, पहिल्या सरी वाहून गेल्यावर.

आनंदाची बातमी याच धांदलीत आली. बट्टी व्यायली, तीन पिल्लं. गिनीपिगची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर पूर्ण केस घेऊनच जन्मतात, काही तासांत पळायला लागतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा तरी पाहावं, मी तर पिंजऱ्यापाशीच जेवले. फुणक्याला, म्हणजे नराला, आधीच वेगळ्या पिंजऱ्यात हलवला होता, कारण मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. गिनीपिगला क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. एरवी किलोमागे रोज १० मिलिग्रॅम पुरतं, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला ३० पर्यंत लागतं. या दिवसांत आवळा नाही, पेरूही नाही. सिमला मिरचीवर भिस्त आहे, शंभर ग्रॅममध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. पाण्यात थेंब टाकायच्या फंदात पडू नका, उन्हाळ्यात ते जीवनसत्त्व बाटलीतच उडून जातं.

बजींना या सगळ्याचं काहीच वाटलं नाही. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवरचे पक्षी, पंख अंगापासून थोडे दूर धरून बसले आणि संध्याकाळी पुन्हा गोंगाट सुरू.

गवताबद्दल सगळे विचारतात. ऑनलाइन मागवलेलं टिमोथी यंदाही अर्धं भुसा होऊन आलं, त्या भावात ते पुन्हा घेणार नाही. बांधावरचं मारवेल गवत कापून सावलीत वाळवलेलं आणि दादरच्या कडब्याची पानं, याच्यावर दोघेही ससे छान आहेत. पण पहिल्या पावसानंतर शेतात ज्वारीचे जे कोवळे फुटवे येतात ते आणू नका. त्यांनी गुरं दगावतात, सशाचं काय घेऊन बसलात.

आता बेताविषयी. परवापर्यंत ठरलेलं होतं की पुढच्या उन्हाळ्यासाठी ९० लिटरचा मोठा कूलर घ्यायचा. तो बेत रद्द. मोठा कूलर त्याच ओल्या आकड्यापाशी अडकणार, फक्त पाणी जास्त पिणार. मग जुना छोटा एसी बघत होते, पण स्लॅबची खोली रात्री बारालाही वरून भाजते आणि लाईट गेली की एसीची थंडाई अर्ध्या तासात संपते.

ही नोंद लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. मागच्या अंगणात आबांच्या आईच्या वेळची धाब्याची कोठी आहे. जाड मातीच्या भिंती, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, एक बारीक झरोका. सध्या तिच्यात कडबा आणि मोडका फवारणी पंप आहे. आज दुपारी तिथे थर्मामीटर टांगून आले. बाहेर ४०, आत ३२, तेही पंखा, पाणी, वीज यांपैकी काहीही न वापरता, आणि आर्द्रता कूलरच्या खोलीपेक्षा कितीतरी कमी. भर दुपारी विजेशिवाय ३२ मिळत असतील तर पहाटे झरोक्यात एक्झॉस्ट लावून रात्रीची गार हवा आत भरली आणि दुपारी दार बंद ठेवलं, की फरशी आणि बाटल्यांच्या जोरावर जनावराच्या अंगाला तिशीच्या आतलं सुख मिळेल असं वाटतं. जाड मातीच्या भिंती दिवसाचं ऊन आत पोचायलाच रात्र लावतात. एसी लागलाच तर इथे तो लहानसा पुरेल.

अडचणी आहेत. उंदीर आणि साप, त्यासाठी दाराला आणि झरोक्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी हवी, कोंबड्यांची षटकोनी जाळी ससा दातांनी उलगडतो. धाबं पावसाआधी खारी मातीने लिंपून घ्यावं लागेल, आणि ते काम जाणणारा माणूस आबांच्या ओळखीत एकच उरलाय, उद्या त्याच्याकडे जाणार आहेत. भिंतीची माती ससे खरवडणार, म्हणून खालचा दोन फूट भाग शहाबादीने मढवायचा. थर्माकोल आत कुठेही नको, खाल्ला की आतड्यात अडकतो.

तोपर्यंत कोठीत दिवसातून चार वेळा कोरडा आणि ओला असे दोन्ही आकडे लिहून ठेवतेय. पाऊस लागल्यावर मातीच्या भिंती ओल धरतात का, हे त्यातून कळेल, ससे हलवायचे की नाही ते त्यावरच ठरेल. धुळे-नंदुरबारकडे कुणी धाब्याच्या घरात ससे किंवा गिनीपिग ठेवत असेल तर पावसाळ्यातले आकडे मला हवेत, विशेषतः पोळ्याच्या आसपासचे. आणि भिंतीला आतून चुना मारलाय की शेणमाती, तेही कळवा. गिनीपिगच्या फुप्फुसांना चुन्याची धूळ बाधेल अशी मला भीती आहे, त्यामुळे तूर्त शेणमातीकडे कल आहे.