तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रॅपलिंगमधला सगळ्यात भारी कोण?

ग्रॅपलिंग म्हणजे गळा आवळून नाहीतर सांधा पिळून समोरच्याला हार मानायला लावायची कुस्ती; पाठ टेकली तरी खेळ संपत नाही. ती मी शिकवतो त्या हॉलवर नवं पोरगं आलं की दोन दिवसांत विचारतंच, "सर, गॉर्डन रायन का मार्सेलो गार्सिया?" दोघंही यातले नावाजलेले विजेते, गॉर्डन जड गटातला, मार्सेलो हलक्या. मी मार्सेलो म्हणतो, की जुनी पोरं एकमेकांकडं बघून हसतात. परवा एकानं तोंडावरच विचारलं, "सर, तुम्ही शंभर किलोचे असता तरी हेच म्हणाला असता का?" म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

गॉर्डनचा हिशोब मला पाठ आहे. एडीसीसी ही ग्रॅपलिंगची सगळ्यात मानाची स्पर्धा. तिथं २०१७ला वजनगटाचं सुवर्ण, २०१९ला वजनगट आणि खुला (वजनाची अट नसलेला) गट दोन्ही, २०२२ला सगळ्यात जड गट आणि वर सुपरफाइटमध्ये (गटांबाहेरची एकच मानाची लढत) आंद्रे गाल्व्हाओचा पाठीमागून गळा आवळून विजय. २०२४ला दोन सुपरफाइट, दोन्ही जिंकल्या. गाल्व्हाओ तेव्हा चाळिशीला टेकला होता, हे मी दरवेळी मुद्दाम जोडतो. जोडताना मलाच कळतं की ही वकिली चाललीय.

आता पुण्याचं. तिथल्या एका स्पर्धेत खुल्या गटात नाव दिलं होतं. वजन सत्तर, समोर शंभरच्या पुढचा गडी. सोबत आमच्या तालमीचे वस्ताद. त्यांच्याच मातीत मी लहानपणी अंग घासलेलं. हात मिळवले आणि मी सरळ खाली बसलो, पाठ टेकवली, पाय त्याच्या मांड्यांत घातले. ग्रॅपलिंगमध्ये इथून खेळ सुरू होतो. वस्तादांच्या लेखी तो तिथंच संपला. कडेला नजर गेली तर ते उठून टॉवेल खांद्यावर टाकत होते. चितपट झालेल्या पोराकडं काय बघायचं?

त्याच झटक्यात मी त्याचा दंड ओढून बाजूनं पाठीवर गेलो. मार्सेलोचाच डाव, रात्र रात्र व्हिडिओ बघून बसवलेला. एक पाय आत अडकला, हात गळ्याखाली सरकला. हनुवटी तेवढी आडवी होती. दुसरा पाय अडकवायच्या आत गडी उठला आणि मला पाठीवर घेऊन तसाच मागं पडला. बरगडीत कट्‌कन आवाज झाला. मग तो वळून छातीवर बसला. दाढीचे खुंट गालावर घासत होते, श्वास वर येईना. त्यानं हात पिळायला घेतला तेव्हा मी मॅटवर थापट्या मारल्या, म्हणजे हार मानली. बाहेर वस्ताद इतकंच म्हणाले, "पाठ का दिलीस रं?" सोलापूर येईपर्यंत पुढं एक शब्द नाही. बरगडी महिनाभर दुखली, पण तो प्रश्न अजून दुखतो.

म्हणून मार्सेलो. ७७ किलोच्या आतला माणूस. २००३ला विटोर शाओलिनला काही सेकंदांत झोपवलं, वजनगटाची चार सुवर्णं नेली आणि २००७ला खुल्या गटात फायनलपर्यंत गेला. तिथं रॉबर्ट ड्रायस्डेलनं त्याचा गळा आवळला. खुला गट त्याला कधीच मिळाला नाही, हेही लिहितो, नाहीतर तुम्ही लिहालच. पण जे वजन अंगावर घेऊन तो खेळला, ते मी छातीवर घेतलंय. पोरांना हे हळवेपण वाटतं. वाटू दे.

दहा वर्षांपूर्वीचा मी यावर उखडला असता. तेव्हा मी जड गटातल्या रॉजर ग्रेसीचा माणूस. २००५ला वजनगट आणि खुला गट दोन्ही, आणि आठच्या आठ लढती सबमिशननं, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावून! तो मी म्हणायचा, "वजनच मोजायचं तर बक्षीस काट्याला द्या." वाक्य अजून बिनतोड आहे. त्याला मी एवढंच म्हणतो, तू अजून पुण्याला गेला नव्हतास. हे उत्तर नव्हे, ठाऊक आहे.

वस्तादांच्या कट्ट्यावर तरी काय निकाल लागलाय? जानेवारी २०२३ला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले, ते बरोबर की चूक यावर आजही चहा गार होतो. तिथं कुणी कुणाला वजन विचारत नाही. मला मात्र विचारता.

तर शंभर किलोचा असतो तर? बहुतेक गॉर्डन म्हणालो असतो. पण त्यानं गॉर्डन मोठा कसा ठरतो, ते पोरांनी मला सांगावं.