फरक पडला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गात काही करून बघण्याचा अभ्यास, हाती घेतलेला कुणी ना कुणी शिक्षक दर वर्षी मला गाठतो आणि विचारतो, "बाई, ते आळीपाळीनं शिक्षक होण्याचं वाचन तुम्ही वर्गात करून बघितलंत ना? मुलांच्या आकलनात फरक पडला का?"

पडला. पण लगेच अहवाल लिहायला बसू नका.

पद्धत माझी नव्हे. ॲनमरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन यांनी ती १९८४ साली मांडली, सातवीतल्या अशा मुलांसाठी, ज्यांना वाचता नीट यायचं पण वाचलेलं कळायचं नाही. अशी मुलं आपल्याही ओळखीची असतात. धडा घडाघडा वाचतात आणि 'काय कळलं?' म्हटलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतात. पद्धतीत कामं चारच: पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, प्रश्न काढायचे, अडलेलं उलगडायचं, थोडक्यात सांगायचं. आधी शिक्षक करून दाखवतो, मग एकेक मूल गटाचा शिक्षक होतं.

मी दोन तुकड्या घेतल्या. एकीत ही पद्धत, दुसरीत नेहमीचं शिकवणं. उतारे मी निवडले, प्रश्न मी काढले, पेपरही मीच तपासले. शेवटी घेतलेल्या चाचणीत, म्हणजे उत्तरचाचणीत, माझी तुकडी चांगलीच पुढे गेली आणि मी आठवडाभर हवेत होते. मग दुसरी तुकडी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी माझी प्रश्नपत्रिका हातात घेतली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि म्हणाले, "यातले निम्मे प्रश्न 'थोडक्यात सांगा' आणि 'प्रश्न तयार करा' असेच आहेत. माझ्या मुलांनी हे कधी केलंय?" बोलायला जागाच नव्हती.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, हा खड्डा जुनाच आहे. रोझेनशाइन आणि माइस्टर यांनी १९९४ मध्ये या पद्धतीवरचे १६ अभ्यास एकत्र तपासले. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर परिणामाचं, म्हणजे ही पद्धत वापरलेला गट दुसऱ्यापेक्षा किती पुढे गेला त्या मापाचं, मध्यक मूल्य ०.८८ होतं आणि बाहेरच्या प्रमाणित चाचण्यांवर ०.३२. पद्धत तीच, पण मोजपट्टी बदलली की आकडा निम्म्याच्याही खाली. ०.३२ वाईट नाही हो! पण मला ०.८८ची हाव सुटली होती.

दुसरी चूक मात्र मला कुणी दाखवली नाही, ती एका मुलाच्या पेपरात सापडली. पूर्वचाचणीत वाळवीवरचा उतारा होता, उत्तरचाचणीत बुद्धिबळावरचा. या पोरानं लिहिलं होतं, 'उंट तिरका जातो, म्हणून तो शेवटपर्यंत एकाच रंगाच्या घरांत राहतो.' उत्तर बरोबर, मी पूर्ण गुणही दिले होते. महिन्याभरानं पेपर पुन्हा चाळताना लक्षात आलं, उताऱ्यात रंगाचा उल्लेखच नव्हता! पोरगा रोज बुद्धिबळ खेळायचा. मी त्याचं वाचन मोजलंच नव्हतं. रेख्त आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये हेच बेसबॉलवरच्या मजकुरानं दाखवलं होतं: खेळाची माहिती असलेली कच्ची वाचक मुलं, माहिती नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा सरस ठरली.

आता कुणी आराखडा घेऊन आलं की मी आधी चाचणी बघते. दोन उतारे घ्या. निम्म्या मुलांना पहिला आधी द्या, निम्म्यांना दुसरा. निदान एक चाचणी दुसऱ्या कुणीतरी तयार केलेली असू द्या. तपासणाऱ्याला पेपर कुठल्या तुकडीचा हे कळता कामा नये. आणि दुसऱ्या तुकडीलाही तेवढीच मिनिटं वाचायला द्या, नाहीतर तुम्ही पद्धत नव्हे, जास्तीचा वेळ मोजताय. पूर्वचाचणीत तळाला असलेली मुलंच निवडणार असाल, तर ती काही न करताही थोडी वर येतात, हेही धरून चाला.

अभ्यास संपल्यावर दुसऱ्या तुकडीलाही ही पद्धत शिकवली; तेवढं देणं लागतच होते. तेव्हा चाचणी नव्हती, गुण नव्हते. तिसऱ्या दिवशी एक मुलगी गटाची शिक्षक झाली. उताऱ्याच्या मधेच थांबली, भुवया आवळल्या आणि म्हणाली, "थांबा, यातला 'तो' म्हणजे नक्की कोण?" गटातल्या चौघांनी बोट ठेवून मागच्या ओळी पुन्हा वाचायला घेतल्या. हे कुठल्याच तक्त्यात भरता आलं नाही.